एक खुर्ची कमी

बॅरिस्टर आगाशे हे नाव आमच्या पिंपरीच्या पट्ट्यात कुणा कामगारानं काढलं, की त्याच्यामागून एक शिवी हमखास यायची. बऱ्याचदा मीच द्यायचो, खोटं कशाला बोलू? गेटसभेत माझा तो ठरलेला भाग होता. "लंडनला जाऊन हा गडी शिकला काय, तर गरिबाच्या पोटावर पाय कसा द्यायचा!" एवढं म्हटलं की टाळ्या पडायच्या. माणूस मी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. पण बासष्ट सालापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने उभे राहत गेले, आणि त्यातल्या सात-आठ कंपन्यांचे नियम याच माणसानं लिहिले होते. कामगारानं कसं वागायचं आणि नाही वागला तर त्याला कसं काढायचं, याचे नियम. शिवी द्यायला तेवढं मला पुरे होतं.

मी ज्योतीराम जवळकर. कासारवाडीचा, गावचाच. कंपनीत टर्नर आणि युनियनचा शाखा सेक्रेटरी. कंपनीचं नाव घेत नाही, पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं डोकं गरम आहे हे मी वेगळं सांगायला नको, कासारवाडी स्टेशनवर उतरून कुणालाही विचारा. आणि बोलण्याची मला भारी हौस. गेटसभेत बोलून बोलून माझी भाषाही सुधारली, असं आमची मंडळी म्हणते. पण आता जे सांगतोय ते मी कुठल्या सभेत सांगितलेलं नाही.

गोष्ट सोनबाची आहे. सोनबा बीडकडचा. सहासष्ट साली पत्र्याची पेटी घेऊन आला, तेव्हा आमच्याच चाळीत त्याला खोली दिली आणि सायबाला सांगून पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेसवर चिकटवला तो मीच. माणूस कसा, तर तोंडातून शब्द काढायचा तर त्याला कष्ट पडायचे. आठ वर्षांत त्याचा एक मेमो नाही. उपकार मात्र कधी विसरायचा नाही. मी नको नको म्हणत असताना दिवाळीला माझ्या पाया पडायचा. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि पाया पडायचा!

चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत त्याच्या प्रेसमध्ये पत्रा अडकला. फोरमन घाईचा, मशीन बंद न करताच हात घालून पत्रा ओढायला वाकला. सोनबानं पाहिलं की वरचा डाय, म्हणजे लोखंडी साचा, खाली येतोय. त्यानं फोरमनच्या छातीला हात लावून त्याला मागं ढकललं. फोरमनचा हात वाचला, पण तो पाठीमागच्या भंगारात बदकन बसला, सगळ्या खात्यासमोर. खाली माना घालून पोरं हसली. झालं! संध्याकाळी सोनबाच्या हातात चार्जशीट: वरिष्ठावर हात उगारला. वरून सगळं पाहिलं होतं ते क्रेन चालवणाऱ्या दत्तोबानं. तो म्हणाला, मी येतो, खरं ते सांगतो.

अशा वेळी कंपनी आतल्या आत चौकशी करते. साहेब लोकांतलाच एकजण चौकशी अधिकारी होतो. कामगाराला वकील देता येत नाही, फक्त एक सोबतचा कामगार बाजू मांडायला बसू शकतो. सोनबाच्या बाजूनं अर्थात मी. दुसरं कोण बसणार?

खोलीत आम्ही पाचजण. चौकशी अधिकारी, पर्सोनेल ऑफिसर सुरेंद्र लेले, फोरमन, सोनबा आणि मी. खुर्च्या चार. मला म्हणाले, बसा जवळकर. मी म्हटलं, "आणि सोनबा?" लेले कागदांतून मान वर न काढता म्हणाले, "त्याला बसायची गरज नाही. त्याच्यावर आरोप आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ज्याचा हात ह्यानं वाचवला तो खुर्चीत बसणार आणि हा उभा राहणार? आणा खुर्ची!" लेले म्हणाले, "खुर्ची शिल्लक नाही." इतकं थंडपणे म्हणाले की मी टेबलावर हातच आपटला. मागून सोनबानं माझा सदरा धरला. हळूच म्हणाला, "असू दे ज्योतीराम, मी उभा ऱ्हातो. मला बोलायचंय. दत्तोबा भायेर बसलाय."

मी ऐकलं का? छे! ओरडलो, "ही चौकशी आम्हाला मान्य नाही, बहिष्कार!" सोनबाचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर काढला. दारात तो एकदा अडखळला, उंबऱ्यावर पाय रोवून उभा राहायला बघत होता. मी आणखी जोरात ओढलं.

शिफ्ट सुटायची वेळ होती. पोरांनी आम्हाला बघितलं आणि काय विचारता! खांद्यावर घेतलं दोघांना. त्याच दिवशी गेटवर मी भाषण ठोकलं, की सोनबानं साहेबाच्या तोंडावर सांगितलं, मान नाही तर चौकशी नाही, आणि आम्ही दोघं एका मतानं उठून आलो. पुढं वर्षानुवर्षं तो किस्सा पट्ट्यात फिरला. भोसरीच्या सभेत मला 'बहिष्कारवाले जवळकर' म्हणून हार घातला. मी घालून घेतला.

इकडं आम्ही खांद्यावर नाचत असताना तिकडं आत एका तासात चौकशी पुरी झाली. फोरमनचा जबाब झाला, उलटतपासणी कुणी घेतलीच नाही, दत्तोबाला चपराशानं घरी पाठवलं. बाराव्या दिवशी सोनबा डिसमिस. त्याच दिवाळीच्या आधी दत्तोबा छातीत कळ येऊन गेला. फोरमनचा हात वाचताना बघितलेला एकमेव साक्षीदार गेला.

डिसमिस माणसाला पट्ट्यात दुसरी कंपनी घेत नाही. त्यातून साहेबावर हात उगारला म्हणून डिसमिस. सोनबा सात-आठ गेटांवर जाऊन आला आणि मग चाकणच्या बाजारात कांद्या-बटाट्याची पोती उचलायला लागला. त्याची बायको सुभद्राबाई माझ्या बायकोला एकदाच म्हणाली, "पाठ धरलीया त्यांची. कंपनी परत घिईल ना वो?" मी आतून ऐकत होतो. ओरडून सांगितलं, "घेईल! न घेऊन जाते कुठं?"

लेबर ऑफिसरपुढं वाटाघाटी, मग सरकारकडं कागद, मग पुण्याच्या लेबर कोर्टाकडं. यात तीन वर्षं गेली. मागणी एकच होती, सोनबाला कामावर परत घ्या. कोर्टाची तारीख लागली तेव्हा आमच्या युनियनच्या जुन्या सल्लागारानं सरळ सांगितलं, "जवळकर, हे प्रकरण माझ्यानं नाही होणार. ज्यानं हे नियम लिहिले त्यालाच गाठा. तो आता कामगारांच्या केसेस घेतो."

"कोण, आगाशे?" मी म्हटलं. "त्यापेक्षा मी विहिरीत उडी घेईन!"

पण गेलो. सांगवीत नदीच्या अलीकडं त्यांचं बैठं घर होतं. सोनबा बरोबर. मला वाटलं होतं सुटाबुटातला, पाइप ओढणारा कुणी असेल. दार उघडलं ते लेंगा आणि बाह्यांची गंजी घातलेल्या, साठीतल्या बारीक माणसानं. कपाटं भरून पुस्तकं, पण खुर्च्यांवर धूळ. कागदपत्रं त्यांनी तासभर वाचली. मध्येच सोनबाला विचारलं, "पाणी हवं का?" माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

मला राहवेना. म्हटलं, "बॅरिस्टरसाहेब, एक स्पष्ट विचारतो. तेरा वर्षं तुम्ही कंपन्यांचं मीठ खाल्लंत. आता एकदम कामगारांचा पुळका कसा आला?"

ते म्हणाले, "पुळका नाही. पंचाहत्तर साली कंपन्यांनी मला सोडलं. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आता ते काम निम्म्यात करतात. तुमचे लेले, तोही माझाच शिष्य. मला दुसरं काही येत नाही. लंडनला शिकलो ते करार आणि नोकरीचा कायदा, परत आल्यावर हायकोर्टात जम बसला नाही, म्हणून इकडं आलो. इथं नव्या कंपन्यांना नियम लिहून हवे होते. मी लिहिले. चांगले लिहिले."

असं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मग त्यांनी आमच्या कंपनीच्या नियमांचं एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवलं. कामगार आपण होऊन चौकशीतून निघून गेला, तर त्याच दिवशी एकतर्फी चौकशी पुरी करावी.

"हे कलम माझं," ते म्हणाले. "यात एकच भोक आहे. 'आपण होऊन.' कामगाराला थांबायचं होतं, बोलायचं होतं, त्याचा साक्षीदार दाराशी होता, आणि तरी त्याला त्याच्या मनाविरुद्ध बाहेर नेलं गेलं, हे सिद्ध झालं तर ही चौकशी चौकशीच उरत नाही. मग कंपनीला आरोप कोर्टात नव्यानं सिद्ध करावा लागतो. दत्तोबा गेला त्यात सोनबाचा दोष नाही, आणि फोरमनला आता मी उलटतपासणीत उभा फाडीन. सोनबा, तू आपण होऊन गेलास?"

सोनबानं माझ्याकडं पाहिलं. मीच म्हणालो, "मी ओढून नेला त्याला." खोली लहान होती, ऐकणारे दोघंच होते, तिथं बोलायला काही वाटलं नाही.

बॅरिस्टरांनी चष्मा काढला. "खुर्ची कमी होती, म्हणून?"

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी चमकलो. खुर्चीचं कागदात कुठंच नव्हतं.

"कारण ते मीच शिकवलं," ते म्हणाले. "लोणावळ्याला पर्सोनेलच्या पोरांचे वर्ग घ्यायचो. सांगायचो, चौकशीच्या खोलीत एक खुर्ची कमी ठेवा. युनियनचा माणूस भूक सोसतो, सस्पेन्शन सोसतो, पण दहा मिनिटं अपमान सोसत नाही. तो उठून जाईल. तो गेला की केस तुमची. पोरं वहीत लिहून घ्यायची."

काय सांगू, त्या क्षणी त्या माणसाला उचलून नदीत टाकावं असं वाटलं. माझा राग, माझा! ज्यावर मी जन्मभर मिरवलो, तो ह्या म्हाताऱ्यानं पंधरा वर्षं आधी मापून कागदावर लिहून ठेवला होता. मी तोंडाला येईल ते बोललो. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "एक करा. लेबर कोर्टात वकील उभा राहायचा तर समोरच्याची संमती लागते. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम छत्तीस. लेले संमती देणार नाही, मीच त्याला शिकवलंय. पण मी युनियनचा पदाधिकारी असलो तर मला अडवता येत नाही. मला नावापुरता उपाध्यक्ष करा. ठराव करून आणा."

परतीच्या वाटेवर सोनबा म्हणाला, "करू या की ज्योतीराम. माणूस खरं बोलतोय."

मी म्हटलं, "बघू."

पुढच्या रविवारी कमिटी बसली. ठराव मी मांडलाच नाही. मनाला सांगितलं, ज्यानं खुर्ची काढली त्याला खुर्ची कशी द्यायची? ते कारण खरं होतं, पण ते एकटंच नव्हतं. बॅरिस्टर आत बसले असते तर त्यांनी सगळ्यांसमोर सोनबाला तो प्रश्न विचारलाच असता. मला तो सगळ्यांसमोर नको होता. सोनबाला सांगितलं, कमिटीनं नाही म्हटलं. बॅरिस्टरांनाही तेच सांगितलं. ते म्हणाले, "मग तुम्हीच प्रतिनिधी म्हणून उभे राहा. मी प्रश्न लिहून देतो."

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत सोनबाची साक्ष होती. कासारवाडीहून गाडीनं शिवाजीनगरला उतरलो, तर आमच्यामागून तीस-पस्तीस कामगार. सुट्टी टाकून आले होते, बहिष्काराची केस ऐकायला. कोर्टाची खोली भरली, मागं उभं राहायला जागा नाही. लेल्यांनी उठून पहिलंच वाक्य टाकलं, "वकिलाच्या उपस्थितीला आमची हरकत आहे." न्यायाधीशांनी बॅरिस्टरांकडं पाहिलं. ते उठले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. जाता जाता माझ्या हातात वहीचं पान दिलं. नऊ प्रश्न, सुवाच्य अक्षरात. नववा होता: 'तुम्हाला खोलीबाहेर कुणी आणि कसं नेलं?'

आठ प्रश्न मी विचारले. सोनबा हळूहळू पण नीट बोलला. पत्रा, डाय, फोरमनचा हात, दत्तोबा, सगळं. नवव्यावर आलो आणि मागं पाहिलं. पोरं माना उंच करून बघत होती. एकजण तर हसत माझ्याकडं बघून मूठ दाखवत होता. मनात म्हटलं, असू दे, पुढं बघू. आणि खाली बसलो.

लेले उठले. इकडचं तिकडचं विचारलं आणि मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सोनबा, चौकशीतून तुम्ही स्वतःच्या मर्जीनं निघून गेलात, बरोबर?"

सोनबानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या." तरी तो माझ्याकडंच बघत होता. मी टेबलावरच्या कागदाकडं बघायला लागलो.

"व्हय," सोनबा म्हणाला. "माझ्या मर्जीनं गेलो."

मागं कुणीतरी "वाह रे पठ्ठ्या" म्हणालं. न्यायाधीशांनी टाइपिस्टला ते वाक्य सांगितलं, मशीनचा खडखडाट झाला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जवळकर, फेरतपासणी? आणखी काही विचारायचंय?"

नववा प्रश्न माझ्या हातातच होता. फक्त वाचायचा होता. दोन हजार माणसांपुढं भोंग्याशिवाय बोलणारा मी, त्या पानाची घडी घालत बसलो. पस्तीस जण काय म्हणतील, हार घालणारे काय म्हणतील, एवढंच डोक्यात घोंगावत होतं. सोनबाची पाठ, सोनबाची नोकरी, काही काही आठवलं नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही आठवलं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "काही विचारायचं नाही."

बाहेर आलो तर बॅरिस्टर बाकावरून उठून पुढं आले. "नववा विचारलात?"

"विचारला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ज्योतीरामनं ओढून नेलं."

सोनबा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. धोतराचा सोगा सावरत राहिला. बॅरिस्टरांनी मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा हसले. म्हणाले, "मग सुटलास तू."

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, 'ताबडतोब या.' एकटाच गेलो. त्यांनी जबाबाची कोर्टाकडून आणलेली नक्कल टेबलावर ठेवली होती. खालची ओळ बोटानं दाखवली. 'माझ्या मर्जीनं गेलो.' त्याच्याखाली, 'फेरतपासणी: नाही.'

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "का?"

मग मीच उसळलो. "तुम्ही खुर्ची काढलीत म्हणून हे सगळं झालं! तुम्ही!"

"हो," ते म्हणाले. "खुर्ची मी काढली. ओढून तुम्ही नेलंत. आपण दोघांनी मिळून त्या माणसाला पोत्याखाली घातलंय. आता भांडून त्याला काय मिळणार आहे?" मग म्हणाले, "अर्ज करू. तुम्ही स्वतः साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहा आणि शपथेवर खरं सांगा. उशीर झालाय, पण दुसरं काही हातात नाही."

अर्ज मंजूर व्हायला चार महिने गेले. साक्षीच्या दिवशी मी पिंजऱ्यात उभा राहिलो. पोरं आली होतीच. सांगितलं सगळं. सोनबाला थांबायचं होतं, त्यानं माझा सदरा धरला, मी त्याचं मनगट धरून ओढलं, गेटवर मी खोटं भाषण केलं.

लेले उठले. त्यांनी फक्त तीनच प्रश्न विचारले.

"सोनबाची साक्ष झाली तेव्हा तुम्हीच त्यांचे प्रतिनिधी होता?"

"हो."

"न्यायाधीशांनी तुम्हाला फेरतपासणीची संधी दिली होती?"

"हो."

"मग आज जे सांगताय ते तेव्हा का विचारलं नाही?"

मी म्हटलं, "लाज वाटली."

लेले न्यायाधीशांकडं वळून म्हणाले, "आणखी काही नाही," आणि बसले. बाहेर बाकावर बॅरिस्टर बसलेले मला दारातून दिसत होते. मान खाली होती.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये निकाल लागला. बॅरिस्टरांनी तो मला वाचून दाखवला. कामगार स्वतःच्या मर्जीनं निघून गेला हे त्याच्याच शपथेवरच्या जबाबावरून सिद्ध होतं. प्रतिनिधीनं नंतर दिलेली साक्ष मागाहून रचलेली दिसते. सबब चौकशी कायदेशीर, मागणी फेटाळण्यात येते. वाचता वाचता ते थांबले आणि म्हणाले, "शब्दसुद्धा माझेच आहेत. लेल्याला मी जे मसुदे दिले होते, त्यातले. त्यानं ते कोर्टापुढं मांडले आणि निकालात उतरले." मग त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी उरलेलं स्वतः वाचलं. हायकोर्टात जायचं बोललो, ते म्हणाले, "शपथेवरचा जबाब तिथं कोण पुसणार?"

दुसऱ्या दिवशी गेटवर सभा होती. मी म्हटलं आता लोक मला जोड्यानं मारतील, मारू देत. तर कॅन्टीनच्या शालनबाई चहाचा ग्लास देत म्हणाल्या, "अवं, येवढं कशाला मनाला लावून घेता? तुमी त्येला वढत आनला ते समद्यांना ठावं हाय. त्येची एक चप्पल आत दारातच ऱ्हायली हुती, मीच नेऊन दिली सुभद्राकडं." शेजारचे दोघं-तिघं मान डोलावून हसले. म्हणजे पाच वर्षं मी जे झाकत होतो, ते कुणापासून झाकलेलं नव्हतंच. कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. ग्लास तसाच ठेवून मी निघालो. भाषण केलं नाही.

शनिवारी चाकणला गेलो. बाजाराचा दिवस, गाड्याच गाड्या, कांद्याचा वास. सोनबा ट्रकला लागला होता. खांद्यावर बारदानाची घडी, कंबर एका बाजूला वाकलेली. मला बघून त्यानं पोतं उतरवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "ये. च्या घेऊ."

मी चहा घेतला नाही. तिथं, त्या सगळ्या हमालांसमोर, त्याचे पाय धरले. तो मागं सरकला. "आरं, काय करायलास, ऊठ!" मी म्हटलं, "शिवी दे, थोबाडीत मार, पण काहीतरी कर. तू खोटं कशाला बोललास रे? तुला बॅरिस्टरांनी शंभरदा सांगितलं होतं, खरं बोल म्हणून. तुझं सगळं गेलं त्या एका शब्दानं!"

सोनबानं मला उठवलं. रागावलेला नव्हता, तेच मला सोसेना.

"चारचौघांत तुझं नाव मी कसं घेऊ ज्योतीराम?" तो म्हणाला. "तू मला हितं आणलास, खोली दिलीस. तुझी माणसं मागं बसलेली. म्हणून मी तसं बोललो. बोललो अन् तुझ्याकडं बघत ऱ्हायलो. म्हणलं, माझ्या तोंडून नको, आता हाच उठंल. साहेबानं तुला विचारलं बी, काही विचारायचंय का."

ट्रकवरच्या माणसानं त्याला हाक मारली. त्यानं बारदान खांद्यावर नीट केलं.

"मला वाटलं व्हतं, तू विचारशील," सोनबा म्हणाला, आणि पोत्याखाली पाठ द्यायला वाकला.